९६ मुलं, एक मैदान, पाच दिवस: व्यावसायिक क्लबच्या उन्हाळी फुटबॉल शिबिराचा प्रकरण अभ्यास

साडेतीन तासांच्या पहिल्या सत्रात एका मुलाच्या पायाशी चेंडू किती वेळ होता? सव्वासात मिनिटं. उरलेल्या वेळात ते मूल नोंदणीच्या रांगेत होतं, ड्रिलच्या (एकाच कौशल्याच्या ठरावीक सरावाच्या) रांगेत होतं, पाण्याच्या रांगेत होतं, नाहीतर प्रशिक्षकाचं बोलणं ऐकत होतं.

हे प्रकरण व्यावसायिक क्लबने भरवलेल्या पाच दिवसांच्या शिबिराचं आहे. हा क्लब कुठला एक विशिष्ट क्लब नाही. अशा शिबिरांत हमखास होणाऱ्या चुका आणि त्यांवर चालणारे उपाय इथे एकाच मैदानावर आणून ठेवले आहेत. आकडेही नमुन्याचे आहेत, पण कोणालाही हिशोब पडताळून पाहता यावा अशा बेताने घेतलेले.

कागदावरची तयारी

वेळ सकाळी ९ ते १२.३०. मैदान कृत्रिम गवताचं, १०५ बाय ६८ मीटर. नोंदणी ९६ मुलांची: ७–८ वर्षांची २४, ९–१० ची ३२, ११–१२ ची २८ आणि १३ वर्षांची १२. त्यांत मुली ११. प्रशिक्षक आठ, त्यांच्यावर एक मुख्य प्रशिक्षक, एक प्रथमोपचारक आणि नोंदणीच्या टेबलावर दोघं. शिवाय क्लबच्या युवा संघातले सतरा वर्षांचे चार खेळाडू मदतीला.

योजना देखणी होती. बारा-बारांचे आठ गट, मैदानावर आठ थांबे, प्रत्येक थांब्यावर १५ मिनिटं. ड्रिबलिंग, पासिंग, शूटिंग, वेग, हेडर (डोक्याने चेंडू मारणं), वगैरे. शिट्टी वाजली की गट पुढच्या थांब्यावर. प्रत्येक प्रशिक्षकाने एकच ड्रिल आठ वेळा घ्यायचं, त्यामुळे त्याची तयारीही एकाच ड्रिलची. शिबिरं अशी आखली जातात ती नेमकी याच सोयीसाठी. सोय प्रशिक्षकाची, किंमत मात्र मुलं मोजतात. सात वर्षांच्या मुलाला आणि तेरा वर्षांच्या मुलाला तेच ड्रिल, तेच अंतर, तोच चेंडू.

पहिला दिवस

नोंदणीचं टेबल एक, यादी आडनावानुसार. दम्याचं औषध, ॲलर्जी, घ्यायला कोण येणार हे सगळं तिथेच विचारलं जात होतं. एका मुलामागे २५ सेकंद हा वेग वाईट नाही, पण ९६ मुलांचे ४० मिनिटं होतात. जे ८.५५ ला आले ते ९.४० पर्यंत बॅगेवर बसून राहिले.

मग थांबे सुरू झाले. एका थांब्याच्या १५ मिनिटांपैकी चार मिनिटं समजावण्यात आणि करून दाखवण्यात. उरली ११. बारा मुलांची एक रांग, एका पाळीला १२ सेकंद. म्हणजे एका मुलाची पाळी दर दोन मिनिटं २४ सेकंदांनी. एका थांब्यावर चार किंवा पाच पाळ्या. आठ थांबे मिळून ड्रिलची ८८ मिनिटं, त्याचा बारावा भाग म्हणजे साधारण सव्वासात मिनिटं. थांबा बदलताना सात वेळा चार-चार मिनिटं गेली ती वेगळीच: चेंडू गोळा करणं, बिब (संघ ओळखायचं रंगीत जाकीट) बदलणं, कोणाचे तरी बूट सुटलेले. २१० मिनिटांचा हिशोब असा लागतो: नोंदणी ४०, थांबे १२०, बदल २८, विश्रांती २२.

रांगेत उभं असलेलं मूल शांत राहत नाही, राहूही नये. ते पुढच्याला ढकलतं, कोन लाथाडतं, गोलच्या जाळीला लटकतं. त्या दिवशी शिस्तीच्या म्हणून ज्या तक्रारी आल्या, त्यांतल्या बहुतेक रांगेच्या होत्या. जाळीला लटकण्याची गोष्ट मात्र शिस्तीची नव्हेच. हलवता येणारे दोन गोल जमिनीला न बांधता उभे होते. असे गोल उलटून जगभरात मुलं दगावली आहेत. मागच्या आडव्या पट्टीवर वजनं किंवा वाळूच्या पिशव्या नसतील, तर तो गोल मैदानावर आणायचाच नाही. आणि वापरात नसेल तेव्हा तो भिंतीला किंवा कुंपणाला साखळीने बांधायचा.

चेंडू होते ४०, सगळे पाच नंबरचे. पाच नंबरचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम. चार नंबरचा परीघ ६३.५ ते ६६ आणि वजन ३५० ते ३९०. हा फरक हातात किरकोळ वाटतो. पण आठ वर्षांच्या मुलाला पाच नंबरचा चेंडू पायाच्या आतल्या बाजूने लांब ढकलणं जड जातं, मग ते बोटांनी मारू लागतं. ती सवय पुढे सोडवायला महिने जातात.

सव्वाअकरानंतर मैदान तापलं. कृत्रिम गवताचा पृष्ठभाग कडक उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त गरम होतो, आणि उष्णता लहान मुलांच्या उंचीवर जास्त जाणवते. पाण्याची जागा एकच, तीही दूरच्या टोकाला. एका नऊ वर्षांच्या मुलाला डोकेदुखी आणि उलटी झाली. प्रथमोपचारकाने त्याला सावलीत झोपवलं, पाय उंच केले, मानेवर-काखेत ओले टॉवेल ठेवले. अर्ध्या तासात तो सावरला. मूल नीट बोलतंय, नाव-वार बरोबर सांगतंय हे तिथे सतत तपासलं गेलं, आणि ते फार महत्त्वाचं. उन्हात खेळलेलं मूल असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं किंवा कोसळलं, तर तो उष्माघात समजायचा. तिथे ओल्या टॉवेलने भागत नाही. बर्फाच्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत बुडवायचं, त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवायची. आधी थंड करायचं, मग हलवायचं. टब मात्र त्या दिवशी मैदानावर नव्हता.

शेवटची घटना १२.३५ ची. एक मूल शेजारच्या काकांबरोबर निघून गेलं. काकांचं नाव यादीत नव्हतं. मूल सुखरूप घरी पोहोचलं. वीस मिनिटं ते कोणालाच माहीत नव्हतं.

माणसांचा हिशोब

संध्याकाळच्या बैठकीत पहिला प्रश्न आला तो शिस्तीचा. तो बाजूला ठेवून आधी माणसं मोजली गेली, हे योग्य झालं. ब्रिटनमधली एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था ४ ते ८ वर्षांच्या सहा मुलांमागे एक प्रौढ, ९ ते १२ च्या आठांमागे एक आणि १३ ते १८ च्या दहांमागे एक असं प्रमाण सुचवते. त्या मापाने इथे ४, ४, ४ आणि २, म्हणजे १४ प्रौढ हवेत. होते आठ. सतरा वर्षांचे मदतनीस प्रौढांत धरता येत नाहीत. ते स्वतःच अल्पवयीन आहेत. प्रथमोपचारक मोजायचा नाही, कारण एक मूल पडलं की तो गटातून गेला. मुख्य प्रशिक्षकही मोजायचा नाही.

नोंदणीची दोघं टेबल उठल्यावर मैदानात आली तर दहा. उरलेली चार माणसं क्लबच्या समाज-विभागातून आली. ती फुटबॉल शिकवणारी नव्हती, पण मुलांसोबत काम करण्यासाठीची त्यांची पार्श्वभूमी-तपासणी आधीच झालेली होती. घाईत कोणाच्या ओळखीचा कोणीतरी उभा करण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पाणी, बिब, बुटाच्या नाड्या आणि स्वच्छतागृहापर्यंतची सोबत ही कामं त्यांनी उचलली. स्वच्छतागृहाचा नियम साधा ठेवला: मुलं जोडीने जाणार, मोठं माणूस दाराबाहेर थांबणार, आणि कुठलाही प्रौढ एका मुलाबरोबर नजरेआड एकटा असणार नाही.

मैदानाची पुन्हा आखणी

आठ थांबे गेले. मैदानाचे चार तुकडे झाले, प्रत्येक साधारण ५२ बाय ३४ मीटर, प्रत्येक वयोगटाला एक. गट हलणार नाहीत. प्रशिक्षक आपल्याच वयोगटात राहणार. त्यामुळे चार मिनिटांचे सात बदल एका फटक्यात संपले आणि प्रशिक्षकाला मुलांची नावंही पाठ झाली.

सर्वांत लहानांच्या तुकड्यात २८ बाय १५ मीटरची तीन छोटी मैदानं बसली, मधे तीन-तीन मीटरच्या वाटा. तीन मैदानांवर चार विरुद्ध चार, म्हणजे २४ मुलं एकाच वेळी खेळात. गोलकीपर नाही, छोटे गोल, चेंडू बाहेर गेला की हाताने न फेकता पायाने आत आणायचा. ९–१० च्या तुकड्यात अशी दोनच मैदानं आखली. तिथे १६ खेळत आणि उरलेल्या पट्ट्यात १६ मुलं जोडीजोडीने एकास एक खेळत, मग अदलाबदल. ११–१२ च्या तुकड्यात दोन मैदानांशेजारी दहा बाय दहाचे दोन चौकोन, त्यांत चार विरुद्ध दोनचा रोंडो: चौघं चेंडू आपसांत फिरवतात, मधले दोघं तो काढून घ्यायला बघतात. तेरा वर्षांच्या बारा जणांना पूर्ण तुकडा, सहा विरुद्ध सहा.

चार विरुद्ध चारच का, हा प्रश्न पालक विचारतात. मोठ्या मैदानावर अकरा-अकरा हेच त्यांना खरं फुटबॉल वाटतं. उत्तर गणिताचं आहे: चेंडू एकच असतो आणि तो आठ जणांत वाटायचा की बावीस जणांत, एवढाच प्रश्न. अमेरिकेतली फुटबॉल संघटना आठ वर्षांखालच्यांना चार-चार, दहा वर्षांखालच्यांना सात-सात आणि बारा वर्षांखालच्यांना नऊ-नऊ खेळवते. इंग्लंडमध्येही अकरा-अकराचा खेळ बारा वर्षांच्या टप्प्यानंतरच येतो.

हेडरचा थांबा पूर्ण काढून टाकला. अमेरिकेत २०१५ पासून दहा आणि त्याखालच्या मुलांना हेडर बंद आहे. इंग्लंडने २०२० मध्ये प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून तो काढला. मिश्र वयाच्या शिबिरात कोणाला चालतं आणि कोणाला नाही हे लक्षात ठेवण्यापेक्षा सगळ्यांनाच बंद ठेवणं सोपं.

चेंडूंचा प्रश्न एका रात्रीत सुटला नाही. प्रत्येक मुलामागे एक असा हिशोब केला तर तीन नंबरचे २४, चार नंबरचे ६० आणि पाच नंबरचे १२ लागतात, वर दहा टक्के जादा. चार नंबरचे क्लबच्या अकॅडमीच्या, म्हणजे युवा खेळाडू घडवणाऱ्या विभागाच्या, कोठारातून मिळाले. तीन नंबरचे तिसऱ्या दिवशी आले. तोवर लहानांना चार नंबरचे चेंडू हवा कमी करून दिले. नियमात चेंडूचा दाब ०.६ ते १.१ वातावरणदाब असतो; ०.६ च्या आसपासचा चेंडू कमी उसळतो, कमी लांब पळतो आणि पायाशी राहतो. नवशिक्यांना तो एरवीही द्यायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवसापासून

वैद्यकीय माहिती आदल्या रात्रीच फोनवर आणि अर्जावर घेतली. टेबलं चार झाली, वयोगटानुसार, मनगटाला रंगीत पट्टी. पण खरा फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने: पट्टी बांधली की मूल थेट छोट्या मैदानावर. दोघं असतील तर एकास एक, चौथा आला की दोन-दोन, तसा खेळ वाढत जायचा. उशिरा आलेल्यामुळे कोणी थांबत नाही, आणि लवकर आलेल्याला लवकर येण्याचं बक्षीस मिळतं.

त्यानंतर १५ मिनिटं वॉर्मअप. फिफाच्या ‘११+ किड्स’ या कार्यक्रमात सात व्यायाम आणि प्रत्येकाच्या पाच पातळ्या आहेत. एका पायावर तोल, उड्या, धड स्थिर ठेवणं, आणि न दुखावता पडायचं कसं हेसुद्धा. चार युरोपीय देशांत झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती ४८ टक्क्यांनी कमी दिसल्या. पाच दिवसांत तो लाभ मिळेल असं कोणी समजू नये. मुलाने हे व्यायाम आपल्या संघात परत नेले, तर फायदा.

मग ४० मिनिटांचे तीन भाग. प्रत्येकात २५ मिनिटं छोटा सामना आणि १५ मिनिटं प्रत्येकाला स्वतःचा चेंडू. स्वतःच्या चेंडूची ४५ मिनिटं होतात. समजावणं आणि दम घेणं वजा करून तीस. सामन्याच्या ७५ मिनिटांचा आठवा भाग नऊ मिनिटं. चेंडू बाहेर जातो तो वेळ सोडला तरी सव्वासातच्या जागी पस्तीसच्या पुढे. हा आकडाच सर्वस्व नाही. चेंडू नसताना जागा शोधणं, मागे धावणं हेही शिकणंच आहे. रांगेत तेही होत नाही.

ऊन मात्र वेळापत्रक बदलल्याशिवाय आटोक्यात येणारं नव्हतं. सगळ्या घरांना एका रात्रीत वेळ बदलून सांगणं शक्य नव्हतं, म्हणून दुसरा दिवस तात्पुरत्या सावलीवर काढला: दोन मंडप, चारही तुकड्यांत पाण्याचे वेगळे पिंप, दर १५ मिनिटांनी पाणी, शेवटचा तास फक्त कमी धावण्याचे खेळ. तिसऱ्या दिवसापासून ७.३० ते ११. मैदानावर पाणी मारून पाहिलं. पृष्ठभाग निवला आणि थोड्याच वेळात परत तापला. निव्वळ तापमान पाहून निर्णय घेऊ नये. डब्ल्यूबीजीटी या उष्णतेचा ताण सांगणाऱ्या मापात ओल्या तापमापीला ७० टक्के, उन्हातल्या काळ्या गोळ्याला २० आणि हवेच्या तापमानाला १० टक्के वजन असतं. म्हणजे दमटपणा सर्वांत महत्त्वाचा. फिफा मोठ्यांच्या सामन्यांत ३२ अंश डब्ल्यूबीजीटीच्या वर गारव्यासाठी विश्रांती देते. मुलांच्या शिबिराने त्याच्या बरंच आधी थांबावं. वीज कडाडली तर हिशोब आणखी सोपा: सगळे पक्क्या इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं मोजून मगच बाहेर.

तिसऱ्या दिवशी टाचा आणि गुडघे दुखायला लागले. हे दर शिबिरात होतं, तरी दर वेळी आश्चर्य व्यक्त केलं जातं. एरवी आठवड्यात दोनदा तासभर खेळणारं मूल इथे रोज साडेतीन तास खेळतं. वाढीच्या वयात टाचेच्या हाडाची वाढणारी कड दुखते (सेव्हर) किंवा गुडघ्याखालचा उंचवटा दुखतो (ऑस्गुड-श्लाटर); ‘धावून मोकळं होईल’ हा सल्ला इथे चुकीचा. लंगडणाऱ्या मुलाला त्या दिवशी धावायचं नाही. म्हणून तिसरा दिवस मुद्दाम हलका केला, उड्या आणि स्प्रिंट काढून.

तेरा वर्षांच्या गटात उंचीचा फरक डोक्याएवढा होता. मुलांची सर्वांत वेगवान वाढ साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींची बाराव्या, पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. दोन लहानखुऱ्या मुलांना सामन्यापुरतं ११–१२ च्या गटात नेलं, बाकी वेळ आपल्या मित्रांबरोबर. एकाला ते मानवलं. दुसऱ्याला अपमान वाटला आणि तो परत आला. त्याला परत येऊ दिलं. अकरा मुली पहिल्या दिवशी आठ गटांत एक-एक, दोन-दोन विखुरल्या होत्या. आता प्रत्येक संघात मुली असतील तर किमान दोघी, असा नियम केला. पहिल्या दिवसानंतर दोघी आल्याच नव्हत्या. त्यांच्यासाठी हा नियम उशिराच आला.

बिल्ल्याचं वजन

क्लबचं शिबीर आणि गल्लीतलं शिबीर यांत एक मोठा फरक असतो, तो छातीवरच्या बिल्ल्याचा. जाहिरातीत मुख्य संघातल्या खेळाडूचा फोटो होता आणि ‘अकॅडमीच्या वाटेवरचं पहिलं पाऊल’ अशी ओळ. साहजिकच कडेला उभे पालक निवड करणारा स्काउट कोण, हे एकमेकांना विचारत होते आणि पोराला ओरडून सांगत होते, ‘स्वतः मार!’

दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरी चार ओळींचं पत्र गेलं: हे शिबीर निवड चाचणी नाही. एखाद्या मुलाकडे लक्ष गेलंच तर नाव मुख्य प्रशिक्षकामार्फत अकॅडमीकडे जाईल आणि शिबीर संपल्यावर क्लबचं कार्यालय पालकांशी बोलेल. मैदानावर कोणताही प्रशिक्षक मुलाशी याबद्दल बोलणार नाही. पुढच्या संधीसाठी कोणालाही वेगळे पैसे मागितले जाणार नाहीत. पालकांची रेघ मैदानापासून दहा मीटर मागे. आरडाओरड कमी झाली, थांबली नाही.

गुरुवारी मुख्य संघातला खेळाडू येणार होता. एका सहीला एक मिनिट धरलं तर ९६ मिनिटं, म्हणजे पुन्हा रांग. सह्या केलेली कार्डं आधीच मागवून मुलांच्या पिशव्यांत टाकली, आणि खेळाडूला प्रत्येक छोट्या मैदानावर पाच मिनिटं खेळायला लावलं. कॅमेरेवाला हिरमुसला. ज्यांच्या पालकांनी फोटोला नकार दिला होता त्यांच्या मनगटावर वेगळ्या रंगाची पट्टी होती, त्यामुळे ऐनवेळी विचारपूस करावी लागली नाही.

शेवटच्या दिवशीचं प्रगतिपत्रक हा आणखी एक सापळा. दहापैकी गुण लिहिले की घरी तुलना सुरू. त्याऐवजी दोन ओळी: एक येणारी गोष्ट, एक सरावाची. ‘डाव्या पायाने थांबवतोस, आता थांबवतानाच वळून बघ.’ चौदा जणांत वाटली तर प्रत्येकाकडे सहा-सात कार्डं येतात. ती मंगळवारपासून रोज दोन लिहायची. शुक्रवारी सकाळी लिहायला बसलं की सगळ्यांना ‘उत्तम प्रयत्न’ मिळतो.

घरी सोडण्यासाठी प्रत्येक घराला एक परवलीचा शब्द दिला. यादीत नाव नसेल आणि शब्दही सांगता येत नसेल, तर मूल टेबलापाशीच थांबणार, समोरचे काका कितीही ओळखीचे असोत. बुधवारी एका आजीला याचा राग आला. फोन लावून खात्री करेपर्यंत त्यांना आठ मिनिटं थांबावं लागलं, आणि नियम तसाच राहिला.

गोलकीपरांचं कोडं सुटलं नाही. अर्जावर सात मुलांनी गोलकीपर लिहिलं होतं, वयं आठ ते तेरा, आणि त्यांना शिकवणारा एकच. पहिल्या दिवशी ती शूटिंगच्या थांब्यावर इतरांच्या नेमाचं लक्ष्य म्हणून उभी होती. नंतर त्यांना रोज ४० मिनिटं वेगळं शिकवलं. बाकी वेळ ती पायाने खेळली. त्यातली धाकटी दोघं शुक्रवारपर्यंत गोलकीपिंग विसरून चेंडू घेऊन पळत होती, आणि त्या वयात ते ठीकच. पण तेरा वर्षांच्या मुलीला आणखी शिकायचं होतं आणि तिला देण्यासारखं शिबिराकडे काही नव्हतं. पुढच्या वर्षीच्या अर्जात मर्यादा ८० मुलांची ठेवली आहे, गोलकीपरांसाठी दुसरा प्रशिक्षक मिळेपर्यंत त्यांची नोंदणी चारवर थांबवली आहे, आणि जाहिरातीतली ‘पहिलं पाऊल’ ही ओळ काढली आहे. फोटो तोच आहे.